लाइन बदला, पण आत डोकावू नका

नोकरी सोडायचा निर्णय शक्यतो रविवारी रात्री साडेदहाला घ्यावा. त्या वेळी स्वतःची नोकरी सोडून जगातली बाकी सगळी कामं सोपी दिसतात. बुधवारी दुपारी पोटभर जेवून घेतलेला निर्णय बरोबर ठरण्याचा धोका असतो. आपल्याला कंटाळा कामाचा आलाय, साहेबाचा आलाय की दर शुक्रवारी पुणे-कोल्हापूर गाडी पकडण्याचा, ही चौकशी करूच नका. साहेबाचा कंटाळा दुसऱ्या विभागात बदली मागूनही जातो आणि प्रवासाचा कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत नोकरी बघूनही जातो. मग नोकरी सोडून म्हशी घ्यायला कारणच उरत नाही.

राजीनाम्याची तारीख मात्र नीट निवडा. एका कंपनीत साडेचार वर्षं झाली की लगेच बाहेर पडा. कायम नोकरीत पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. चाळीस हजारांवर पाच वर्षांचे एक लाख पंधरा हजारांच्या वर होतात. ही रक्कम कंपनीला सोडून देण्याइतका मोठेपणा आपल्यात हवाच. नऊ वर्षं झाली असतील तर पीएफसारखाच पेन्शनचाही भाग काढून मोकळे व्हा, कारण दहा वर्षं भरली की म्हातारपणी दरमहा पेन्शन मिळायला लागते आणि स्वावलंबी माणसाला ते शोभत नाही. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागायचा तर बाहेर पडण्याआधी विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो, म्हणून ते काम नंतरवर टाका. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. एवढी वर्षं धंद्याच्या ताणात बीपी आपोआप उतरेलच.

आता लाइन कोणती? पहिला नियम असा की, ज्यात तुमची नोकरीतली वर्षं काहीच उपयोगाला येणार नाहीत तीच निवडायची. बँकेत कर्जाच्या फायली तपासणाऱ्याने छोट्या उद्योजकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिले, किंवा फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघणाऱ्याने चार छोट्या फाउंड्रींना रिजेक्शन कमी करून दिलं, तर पहिल्या महिन्यापासून पैसे येतात आणि आधीची नोकरी फुकट गेली असं म्हणायची सोय राहत नाही. दुसरा नियम: धंदा नेहमी गल्ल्याच्या बाजूने बघायचा. मागच्या दाराने, जिथं भांडी घासतात तिथून, चुकूनही नाही.

मिसळीपासून सुरुवात करू. रविवारी सकाळी नऊ ते अकरा एखाद्या गर्दीच्या मिसळीच्या दुकानासमोर उभे राहा, बाहेर आलेल्या प्लेटा मोजा आणि त्या आकड्याला तीसने गुणा. मंगळवारी दुपारी साडेतीनला तिकडे फिरकू नका. मालक पेपर वाचताना दिसतो आणि गुणाकार नासतो. रविवारची मिसळ शुक्रवारी रात्री सुरू होते हेही आधी कळायला नको. तेव्हा मटकी भिजत पडते, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधतात, रविवारी पहाटेपर्यंत मोड येतात. शंभर प्लेटला कोरडी मटकी साधारण तीन किलो लागते. मोड आल्यावर ती दुपटीच्या वर जाते. मे महिन्यात गाठोड्याला आंबूस वास सुटतो आणि जुलैच्या गारठ्यात मोड रुसून बसतात, म्हणून वेळा ऋतूप्रमाणे हलवाव्या लागतात. आपण मात्र यूट्यूबवर दिलेल्या वेळाच पाळायच्या.

प्लेटचा खर्च काढताना मटकी, फरसाण, कांदा, लिंबू आणि ब्रेडच्या स्लाइस एवढंच धरा. कट, म्हणजे मिसळीवरचा झणझणीत रस्सा, धरू नका. कोल्हापूरकर कट पाण्यासारखा मागतो, दुसऱ्यांदा मागतो, तिसऱ्यांदा वाटी उचलून दाखवतो आणि त्याचे पैसे लावले तर पुढच्या रविवारी गल्ली बदलतो. तेल, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण आणि कांदा-लसूण चटणी सगळी त्या फुकटच्या वाटीतच असते. चटणी वर्षाची उन्हाळ्यात डंकावर कुटून ठेवायची असते, ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला. तुम्ही दुकान दसऱ्याला उघडणार, म्हणजे ती तयार पुड्यातून येणार आणि कटाचा रंग दर महिन्याला वेगळा निघणार. गिऱ्हाईक चवीत उन्नीस-बीस खपवून घेईल, रंगात नाही. कट करायला आचारी ठेवा आणि स्वतः कधीही शिकू नका. तो जोतिबाच्या चैत्र यात्रेला न सांगता जातो. त्या दिवशी दुकानात १९ किलोचा सिलिंडर, तीन किलो मोड आलेली मटकी आणि एमबीए झालेला मालक एवढेच उरतात.

यापेक्षाही सोपा म्हणजे दुधाचा धंदा. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना हा विचार आला नाही असा नोकरदार विरळा. हिशेब चहाच्या बिलामागे बसतो: पाच म्हशी, दहा लिटर, तीस दिवस, झाले दीड हजार लिटर. याच्यापुढे गणित नेऊ नका. म्हैस वेताचे साधारण दहा महिने दूध देते, दोन वेतांत चौदा-पंधरा महिने जातात, आणि दहा लिटर हा तिचा चढता काळ असतो, सरासरी नव्हे. पाचातल्या तीन दुधात आणि सरासरी सात लिटर धरलं, तर महिन्याला ६३० लिटर होतात. आटलेल्या दोघी खातातच. दीड हजाराचे ६३० कसे झाले, हे दूध सोसायटीचा सेक्रेटरी समजावून सांगेल. तो अनेकांना सांगून सरावलेला असतो. दरही म्हणाल तो नसतो. फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागावर, कापला जातो, आणि डेअरीची पट्टी तुमच्या जोशाचं फॅट मोजत नाही.

पाचही म्हशी एकाच दिवशी, एकाच बाजारातून घ्या. म्हणजे पाचही एकाच महिन्यात आटतील. दोन आधी आणि तीन पाच-सहा महिन्यांनी घेणारे लोक भित्रे असतात. बाजारात कास टरारलेली दिसली की सौदा ठोकून टाका. ती एक वेळची धार न काढता तुंबवलेली असू शकते, आणि ते ओळखायला संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ अशा सलग तीन धारा समोर उभं राहून काढून घ्याव्या लागतात. एवढा वेळ कुणाला आहे, सोमवारी तुमचा शेवटचा दिवस आहे ऑफिसात. दूरच्या बाजारातून ट्रकने आलेली म्हैस पहिले काही दिवस नव्या हाताला पान्हा सोडत नाही, तेव्हा तिला लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाचा सौम्य स्वर ऐकवून बघा.

खाद्यात बचत करायला कोल्हापुरासारखा जिल्हा नाही. गळीत हंगामात उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, जवळजवळ फुकट मिळतात. तेच पोटभर घाला. वाढ्यात ऑक्झालेट असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं, मग व्यालेली म्हैस पाय धरून बसते. जुने लोक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात, दावणीत खनिज मिश्रण ठेवतात आणि दोन लिटर दुधाला एक किलो आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) हा हिशेब पाळतात. जुने लोक इंजिनिअर नव्हते. माजाकडेही लक्ष देऊ नका. म्हशीचा माज बहुतेक वेळा मुका असतो, पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येतो, ना आरडाओरडा ना काही. तो चुकला की पुढच्या माजाला २१ दिवस, आणि तेवढ्या दिवसांचं खाणं तुमच्या खिशातून. पहाटे पाचला धार आणि संध्याकाळी पाचला धार, यात दिवाळी, लग्न, सख्ख्या मेव्हण्याचा साखरपुडा काहीही बसत नाही. नोकरीत रजेचा अर्ज नामंजूर झाला म्हणून रागावून बाहेर पडलेल्याला हे विशेष मानवतं.

यंत्राची आवड असेल तर व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन. उद्यमनगर आणि शिरोलीच्या वाटेवर 'ऑपरेटर पाहिजे' अशी पाटी दिसली की पंधरा दिवसांचा कोर्स करा आणि सेटरचा पगार मागा. ऑपरेटर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावतो नि बटण दाबतो. सेटर डायल फिरवून जॉब पकडणारा व्हाइस सरळ करतो, जॉबचा शून्यबिंदू (जी ५४) घेतो, प्रत्येक टूलची लांबी भरतो, आणि पहिला जॉब हवेत चालवून बघतो. फरक फार नाही, फक्त चूक झाली तर स्पिंडल आपटतो. बऱ्याच कंट्रोलवर एक्स ५० लिहून दशांश टिंब विसरलं की मशीन ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन समजतं. तेव्हा आय.टी.आय. करून दोन वर्षं हाताखाली घालवणाऱ्यांना वेडे समजा. आणि नोकरी कशाला, मशीनच घ्या कर्जाने. कोटेशनमध्ये फक्त मशीन बघा. कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, फिक्स्चर, टूल होल्डर, मायक्रोमीटर, बोअर गेज हे पुढच्या महिन्यात आठवलं तरी चालतं. कास्टिंगमधला ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी, शेवटच्या ऑपरेशनला उघडा पडतो. माल गेला फाउंड्रीचा, वेळ गेला तुमचा, आणि हप्ता गेला बँकेचा. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा आहे. तो मोठ्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवा आणि पुढची ऑर्डर कुणाला गेली ते बघा.

बाकीच्या वाटा थोडक्यात. गुळात उतरायचं तर गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, ॲप शिकवा. तो पाक थंड पाण्यात टाकून बोटाने बघतो, तुम्ही थर्मामीटर ११८ अंशांना लावा. दोन्ही बरोबर आहेत, पण रस कुठल्या शेतातला, नवी लागण की तोडीनंतर फुटलेला खोडवा, हे थर्मामीटरला कळत नाही. रसायन न टाकलेला गूळ तांबूस निघतो आणि गिऱ्हाईक पिवळाधमक मागतं, हा वाद इन्स्टाग्रामवर मिटवा. आषाढात ढेप पाघळू लागली की कुरिअरने पाठवा. चपलेचा ब्रँड काढणार असाल तर आत्ताच. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, तेव्हापासून लोगो तयार असलेले पुष्कळ आहेत, कातडं कमावणारे आणि वेणी घालणारे हात तेवढे कमी आहेत. लोगोवाल्यांत एकाची भर पडली तर बिघडत नाही. स्पर्धा परीक्षेबद्दल काही बोलत नाही. खुल्या गटाला राज्यसेवेसाठी वयाची ३८ ची मर्यादा आहे आणि अभ्यासिकेतल्या खुर्च्या मऊ आहेत.

दुकानाची जागा कमी भाड्यात मिळाली तर भाडं कमी का, असं विचारायचं नाही. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुराची रेघ असेल तर आधी रंग मारून घ्या. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते, ते आकडे पेपरवाल्यांसाठी. फ्रीज जमिनीवरच ठेवा, मीटर खालीच बसवा आणि विम्याच्या कागदात पुराचा उल्लेख आहे की नाही ते पाणी ओसरल्यावर वाचा.

भांडवलासाठी सबसिडी आहेच. आधी शटर उघडा, मग पीएमईजीपीसारख्या सरकारी स्वयंरोजगार योजनेत अर्ज करा. योजना नव्या युनिटसाठी असल्यामुळे तुमचा अर्ज बाद होईल आणि सरकारला शिव्या द्यायला आयुष्यभराचा विषय मिळेल. वेळेत अर्ज केलाच, तर सबसिडी पहिल्या दिवशी हातात येणार असं धरून डेकोरेशनचा ॲडव्हान्स देऊन टाका. प्रत्यक्षात ती बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात आणि मग कर्जात वळती करतात. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे, तरी एजंटाकडूनच करा. फुकटच्या कागदाला वजन नसतं. घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच खात्यातून चालवा, म्हणजे तोटा नेमका कुठल्या बाजूला झाला याचा पुरावा राहत नाही.

या सगळ्यात एक माणूस हमखास आडवा येतो. बहुतेक वेळा थोरला चुलता किंवा बायको. "सोडायच्या आधी चार रविवार तिथं जाऊन राबून बघ की रं," असं म्हणणारा. सांगणं बिनतोड असतं: चार रविवार मिसळीच्या दुकानात पहाटे चारला जाऊन कांदा चिरायचा, किंवा पंधरा दिवसांची रजा टाकून कुणाच्या तरी गोठ्यात दोन्ही वेळा शेण काढायचं. पगार चालू असतो, खर्च चपलेच्या झिजेएवढा, आणि तिसऱ्या दिवशी पाठ सांगते ते कुठलाही समुपदेशक सांगत नाही. म्हणूनच हे टाळायचं. "मी कामगार व्हायला चाललो नाही, मालक व्हायला चाललोय" हे वाक्य पाठ करून ठेवा. सल्ला फक्त ज्यांचं चाललंय त्यांचाच घ्या. ज्यांनी बंद केलं ते शोधायला सोपे असतात, हॉटेलची जुनी भांडी आणि भट्ट्या विकणाऱ्याला विचारलं की तो नावानिशी सांगतो. म्हणून त्या दुकानावरून जाताना गाडीचा वेग वाढवायचा.

पहिल्याच दिवशी ऐटीसाठी जीएसटी नंबर काढून ठेवा, भले सेवेच्या धंद्याला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत तो लागत नसो. आणि पुढे कधी शटर ओढायची वेळ आलीच, तर भांडी विका, पाटी उतरवा, आचाऱ्याचा हिशेब करा, पण नोंदणी रद्द करायचा अर्ज तेवढा विसरा. शून्य उलाढालीचं रिटर्नसुद्धा उशिरा भरलं की दिवसाला २० रुपये लागतात, एका रिटर्नला ५०० पर्यंत.