क्रूझवरचे पिकलबॉल आणि ‘आमचे आम्ही चौघे’

आज सकाळी एका परिचितांचा फोन आला. त्यांचे क्रूझवर जायचे ठरले आहे, जहाजावर पिकलबॉलचे, म्हणजे हातात फळीसारखे पॅडल घेऊन भोकांच्या प्लास्टिकच्या चेंडूने नेटवरून खेळायच्या खेळाचे, कोर्ट आहे आणि मी असा प्रवास केलेला असल्यामुळे त्यांना माझ्याकडून एवढेच जाणून घ्यायचे होते, की सकाळी किती वाजता गेले म्हणजे कोर्ट पूर्ण वेळ आपल्याच ताब्यात राहते. “आम्ही दोन जोडपी आहोत, आमचे आम्ही चौघे पुरे; अनोळखी लोकांत मिसळायची कटकट नको,” असे ते म्हणाले. मी वेळ सांगितली नाही. फोन ठेवून बराच वेळ झाला तरी संताप उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

जहाजावर हजारो माणसे असतात आणि पिकलबॉलचे कोर्ट बहुधा एखाद-दुसरेच असते, तेही अगदी वरच्या डेकवर, पुष्कळदा बास्केटबॉलच्याच जागेत रेघा आखून केलेले. ज्या दिवशी जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही त्या दिवशी सगळ्यांचे पाय तिकडे वळतात. अशा वेळी ओपन प्लेची, म्हणजे जो येईल त्याने पाळीपाळीने खेळायची, साधी पद्धत असते. आपले पॅडल रांगेत लावायचे, 11 गुणांचा डाव संपला की चौघांनी बाहेर यायचे आणि रांगेतल्या पुढच्या चार पॅडलांच्या मालकांनी आत जायचे. कोण कोणाचा जोडीदार हे रांग ठरवते. या पद्धतीत काय चुकीचे आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

मी पहिल्या सकाळी जहाजावरचे पॅडल हातात घेऊन कोर्टभोवतीच्या जाळीबाहेर नुसती उभी होते. आत जावे की नाही, कोणाला विचारावे, काही सुचत नव्हते. तेवढ्यात गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक वयस्कर बाई आल्या, त्यांनी माझ्या हातातले पॅडल घेतले आणि स्वतःच्या पॅडलशेजारी रांगेत लावून टाकले. नाव विचारले नाही, खेळता येते का तेही विचारले नाही. आमची पाळी आली तेव्हा प्रत्येक सर्व्हिसच्या आधी त्या माझ्याकडे मान वळवून गुण मोठ्याने आणि सावकाश सांगत: आधी सर्व्हिस करणाऱ्या जोडीचे, मग समोरच्यांचे, मग सर्व्हिस करणारा त्या जोडीतला पहिला की दुसरा. तीन आकड्यांचा हा हिशेब नवख्याला गोंधळात पाडतो. माझा गोंधळ पहिल्याच डावात संपला, तो केवळ त्यांच्यामुळे.

त्या बाई सर्व्हिसपूर्वी आणखी एक गोष्ट करत. चेंडू उघड्या तळहातावर ठेवून क्षणभर थांबत. भोकाभोकांचा तो प्लास्टिकचा चेंडू जेमतेम 25 ग्रॅमचा असतो, आणि जहाज 20 नॉटच्या वेगाने चालले असेल तर हवा पडलेली असतानाही डेकवर ताशी 37 किलोमीटरचा वारा समोरून येतो. चेंडू तळहातावर थरथरला की त्या सर्व्हिस उंच न उडवता नेटच्या जरा वरून काढत. उंच चेंडू तर त्या कधी मारतच नसत. समोर तरणीताठी मुले असली तरी या बाई जागेवरून फारशा न हलता नेटलगतच्या पट्ट्यात असा हलका ‘डिंक’, म्हणजे नेटवरून अलगद सोडलेला चेंडू, टाकत, की समोरच्याला वाकण्यावाचून गत्यंतर नसे.

हा खेळ मुळात अशाच माणसांसाठी जन्मला आहे. 1965 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल गोल्फ खेळून परतले तेव्हा सुट्टीत कंटाळलेली घरची मंडळी त्यांच्यासमोर होती. बॅडमिंटनचे कोर्ट होते, पण शटलकॉक सापडेना. मग टेबल टेनिसची पॅडल आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू यांवर काम भागवण्यात आले, पुढे बार्नी मॅककॅलम त्यांना येऊन मिळाले, आणि घरातल्या लहानथोरांना एकत्र खेळता यावे असे नियम बसवले गेले. सर्व्हिस खालूनच करायची, ती आणि तिची परतफेड दोन्हींना टप्पा पडू द्यायचा, नेटपासून सात फुटांच्या ‘किचन’मध्ये उभे राहून चेंडू हवेतच मारायचा नाही. ताकदवान माणसाला आवर घालणारे हे नियम आहेत. सगळे किचनच्या रेषेवर येतात तेव्हा समोरासमोरच्या खेळाडूंत जेमतेम 14 फूट अंतर उरते, एकमेकांचे चेहरे दिसतात, पुटपुटणेसुद्धा ऐकू येते. इतक्या जवळ उभे राहून माणसे बोलणार नाहीत तर काय करतील?

आणि आम्ही बोललो. नातवाला घेऊन आलेले एक आजोबा, नुकतेच लग्न झालेले एक जोडपे, त्या बाई आणि मी. रांगेत शेजारीशेजारी पॅडल लागली एवढ्यावरून रात्रीच्या जेवणाला आम्ही एका टेबलावर बसू लागलो. क्रूझवरची बहुतेक ओळख जहाजातून उतरताच विरते, हे मला मान्य आहे. परंतु त्या बाई आजही माझ्याशी बोलतात. मध्यंतरी गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरल्याचे त्यांनी कळवले, तेव्हा कोणता गुडघा हे मला विचारावे लागले नाही. कोर्टवर डावीकडचा चेंडू मी घ्यायचा, असे आमचे न बोलता ठरलेले होते, कारण त्या पायावर भार टाकताना त्यांचे ओठ घट्ट मिटत.

त्या गुडघ्याची आठवण आली की दुसरी एक सकाळ आठवते आणि मला पुन्हा राग येतो. त्या दिवशी चार जणांनी कोर्ट अडवले होते. बाहेर पॅडलांची रांग वाढत होती आणि हे लोक “अजून एकच” म्हणत डावामागून डाव खेळत होते. त्या बाई नेटच्या खांबापाशी शांतपणे उभ्या राहिल्या. बसायला जागा नव्हती. ओपन प्लेची वेळ संपून बास्केटबॉलवाली मुले आली, तरी बाईंना एक चेंडूही खेळायला मिळाला नाही. ते चौघे घाम पुसत निघून गेले, त्यांच्यापैकी एकानेही बाईंकडे पाहिले नाही. इतक्या लांबच्या प्रवासाला निघायचे आणि घरच्याच तीन चेहऱ्यांभोवती कुंपण घालायचे, याला मी सुट्टी मानत नाही.

चांगल्या खेळाडूला नवख्याबरोबर खेळताना रॅली तुटल्याचा कंटाळा येतो, हेही खरे आहे. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी वेळ ठेवलेली असते. नसेल तर कर्मचाऱ्यांना विचारून पाहावे. नवख्याला बाहेर ताटकळत ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. ज्यांना खेळ येतो त्यांनीच पहिल्या दिवशी जाळीबाहेर घुटमळणाऱ्या माणसाला आत बोलवायचे असते. ते काम त्या माणसाचे नाही, कारण आत यायची परवानगी कोणाकडे मागायची हेच त्याला कळत नसते.

आणि ज्यांना खरोखर आपल्याच चौघांत खेळायचे आहे त्यांच्यासाठी बंदराचा दिवस आहे. त्या दिवशी बहुतेक प्रवासी किनाऱ्यावर उतरतात, कोर्ट कितीतरी वेळ मोकळे पडलेले असते. तेव्हा पोटभर खेळा, कोणाची हरकत असणार नाही. भर समुद्रातल्या दिवशी मात्र 11 गुण झाले की बाहेर या आणि पॅडल रांगेच्या शेवटी लावा.