आमचा वाडा कुणी हडपला नाही, आणि त्याखाली भुयारही नाही

अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या वाड्याचा फोटो दिवाळीपासून व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली मोठा मजकूर आहे. थोडक्यात तो असा : हा वाडा 400 वर्षांचा आहे, रघुजीराजे भोसल्यांनी तो इथल्या मालगुजार देशमुखांना बांधून दिला, वाड्याखालून थेट गाविलगडापर्यंत भुयार आहे आणि त्यात उतरलेला माणूस परत येत नाही, पुढे एका सावकाराने देशमुखांना दारू पाजून अंगठा घेतला आणि वाडा गिळला, 1951 साली मालगुजारी गेली तेव्हा वाडा सरकारजमा झाला, आज तिथे राहतात ते अतिक्रमण करून बसलेले लोक.

ते बसलेले लोक म्हणजे आम्ही. मजकूर तालुक्याबाहेर गेला, पार पुण्या-मुंबईच्या ग्रुपांवरून फिरून परत आमच्याच फोनवर आला. तोवर मी गप्प होतो. पण मागच्या महिन्यात रात्री कुणीतरी मागच्या अंगणात कंबरभर खड्डा खणून गेलं. घरात काकू एकटी होती. पुतणीला शाळेत पोरांनी विचारलं, तुम्ही चोरीच्या घरात राहता का? म्हणून हे लिहितोय.

आधी वर्षांचा हिशेब. 400 वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचं राज्यच नव्हतं. चांदबिबीने 1596 साली वऱ्हाड मोगलांना तोडून दिलं, आणि नंतरची कितीतरी वर्षं हा मुलूख मोगल आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या ओढाताणीत गेला. पहिल्या रघुजींना शाहू छत्रपतींकडून वऱ्हाडची सनद मिळाली ती 1738 साली. पुढे 1803 मध्ये गाविलगड इंग्रजांनी घेतला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड हैदराबादच्या निजामाकडे गेलं. म्हणजे आमच्या भागावर भोसल्यांचा अंमल जेमतेम 65 वर्षांचा, तोही निजामाशी महसुलाची वाटणी करत.

वाड्याचं वय वाडा स्वतःच सांगतो. माडीवर मंगळुरी कौलं आहेत. मजकुरात एका कौलाचा जवळून काढलेला फोटो आहे, त्यावर इंग्रजीत 1865 कोरलेलं दिसतं. त्यावरून काहींनी खाली लिहिलं की 400 नाही तर निदान 1865 सालचा तरी आहेच. तेही खरं नाही. ते साल कौलाच्या कारखान्याचं आहे. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 साली सुरू झाला आणि नंतर कित्येक वर्षं कौलांवर तेच साल उमटत राहिलं. ढेलजेवरच्या छताला लाकडी तुळईच्या जोडीने लोखंडी गर्डर आहे. असली लोखंडं आणि कौलं इकडे आली ती रेल्वेने. मुंबईहून निघालेली लाइन नागपूरला पोचली 1867 साली. त्याआधी एवढा गर्डर पूर्णेच्या काळ्या मातीतून बैलगाडीवर कोण आणणार होतं?

मग जुनं काहीच नाही का? आहे. वाडा ज्या उंचवट्यावर उभा आहे तो देशमुखांच्या गढीचा आहे. तीन बाजूंना पांढऱ्या मातीच्या भिंतीचे ढिगारे अजून दिसतात. बाकीची माती गावाने वर्षानुवर्षं धाब्याच्या घरांच्या छतांवर टाकायला आणि शेतात पसरायला नेली. गढी नक्कीच जुनी. किती, ते सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही, म्हणून आकडा देत नाही. फोटोतला चौसोपी वाडा मात्र गढी पडल्यावर तिच्याच जागेवर, कापसाच्या पैशातून उभा राहिलेला आहे. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळात आणि त्याच्या मागोमाग अशी माडीची घरं गावोगाव उठली.

'मालगुजार' हा शब्द तर आमच्या गावाला लागूच पडत नाही. मालगुजारी वर्धा नदीच्या पलीकडची : नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा. तिथे इंग्रजांनी गावच्या गाव मालगुजाराच्या मालकीचं केलं. नदीच्या अलीकडे वऱ्हाडात 1853 च्या तहाने निजामाकडून मुलूख इंग्रजांच्या हाती आला, 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि जो शेत कसतो त्याच्या नावाने खातं झालं. देशमुख हे परगण्याचे वतनदार. वसुली त्यांच्या हातून सुटून सरकार आणि पाटील-पटवाऱ्यांकडे गेली, तेव्हा त्यांचा मान राहिला पण काम गेलं. ही गोष्ट वाड्याच्या पुढच्या कहाणीत महत्त्वाची आहे.

आता भुयार. लहानपणापासून आम्हीही ऐकत आलो. गाविलगड इथून सरळ रेषेत 50 किलोमीटरच्या आसपास. मधली सगळी जमीन पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती, खारपाणपट्टा. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. घराचा पाया टिकवताना आमच्या नाकी नऊ येतात, तिथे कुठलाही दगडी आधार नसताना 50 किलोमीटर बोगदा कसा टिकेल?

पण लोकांनी भुयाराचं तोंड पाहिलंय, हे मात्र खोटं नाही. मीही पाहिलंय. ते पेव आहे.

ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गढीची पांढरी कोरडी असते, काळ्या मातीसारखी ओल धरत नाही. तिच्यात ज्वारी साठवायला खड्डा खणतात. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आत पोट रांजणासारखं फुगत गेलेलं. तळाला आणि कडेला कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वरून पुन्हा कडबा, मग माती लिंपून तोंड बंद. आमचं पेव मागच्या सोप्याच्या कोपऱ्यात आहे, वर दगडी झाकण. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांनी, आबाजींनी, ते शेवटचं उघडलं. झाकण सरकवलं तसा आंबूस, गळ्याला लागणारा वास आला. आम्ही पोरं पुढे सरसावलो तर आबाजींनी काठी आडवी धरली. मग त्यांनी कंदिलाला दोर बांधला आणि हळूहळू खाली सोडला. तोंडापासून दोन हात खाली गेला असेल नसेल, ज्योत बारीक झाली आणि विझली. "आज कोनी उतरू नका," एवढंच म्हणाले. झाकण दोन दिवस उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला, मग गडी उतरला.

बंद पेवात धान्य श्वास घेतं, ओल लागली तर आंबतं. प्राणवायू संपतो आणि जड, विषारी हवा तळाशी साचते. त्यात घाईने उतरलेला माणूस ओरडायच्या आत पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. 'उतरलेला परत येत नाही' हे वाक्य तिथून आलेलं आहे. ती पोरांना दिलेली ताकीद होती; मजकूर लिहिणाऱ्याने तिची भुताची गोष्ट केली. आणि यात खरा धोका आहे. भुयार शोधायला म्हणून कुणी रात्री येऊन ते झाकण उचललं आणि उडी टाकली, तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. आम्ही त्यावर आता सिमेंट ओतलंय. आबाजींचं पेव बुजवताना फार वाईट वाटलं.

गुप्तधनाबद्दल एकच सांगतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं, असा 1878 चा कायदा आहे. रात्री खणणाऱ्यांनी तो वाचावा.

सावकाराचा आरोप मी सगळ्यात गंभीर मानतो, कारण वऱ्हाडात असं घडलेलं आहे. मुदतखरेदीच्या कागदावर कितीतरी शेतं गेली, मुदत टळली की कायमची. देशमुखांचीही बरीचशी शेतं अशीच गहाणात गेली, हे माझे आजोबाही सांगायचे. वतनाचं काम गेलेलं, खर्च देशमुखीचाच राहिलेला, युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडलेला, आणि मग 1899-1900 चा छप्पनचा दुष्काळ. तेव्हा लोकांच्या मनात जो राग आहे तो उगाच नाही.

पण वाड्याचं खरेदीखत आमच्याकडे आहे आणि ते मोडीत आहे. मजकूर लिहिणाऱ्याने ते पाहिलेलं नाही; मागितलं असतं तर दाखवलं असतं. स्टँपवर सातव्या एडवर्डचं डोकं आहे, म्हणजे कागद 1901 ते 1910 मधला. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून मी तो ओळ न् ओळ वाचून घेतला. विकणारा कुणी दारू प्यालेला देशमुख नाही. देशमुख तेव्हा वारलेले होते. विकणारी त्यांची विधवा आहे. नवऱ्याचं देणं फेडायचं आणि मुलीचं लग्न करायचं, ही दोन कारणं कागदात स्वच्छ लिहिली आहेत.

ती उगीच लिहिलेली नाहीत. त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीचा हक्क हयातीपुरताच होता. असली निकड असल्याशिवाय तिला कायमचं विकता येत नसे, आणि नवऱ्याकडचे वारस नंतर कोर्टात जाऊन विक्री रद्द करून घेऊ शकत. म्हणून घेणारा कारण लिहून घ्यायचा आणि वारसांची संमती मिळवायचा. या कागदावर साक्षीला तिच्या दिराची सही आहे. ज्याला फसवून घर घ्यायचं, तो त्याच घरच्या वारसाला सबरजिस्ट्रारपुढे कशाला उभा करेल?

आणि अंगठा तर कागदाच्या खाली दिसतच नाही. तिथे बांगडी आहे. लिहिता न येणारा कुणबी पूर्वी नांगराची निशाणी करायचा, सुतार वाकसाची, बाई बांगडीची. मोडीच्या गिचमिड ओळी संपतात तिथे शाईचा एक गोल आहे, सुरुवातीला जाड, पुढे थरथरत गेलेला, टोकं नीट न जुळलेली. ती बांगडी तिने स्वतःच्या हाताने काढली.

1951 चं उत्तर लहान आहे. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आणि मालगुजारी, जहागिरी, इजारे रद्द करणाऱ्या तिथल्या कायद्याने त्या वर्षी 31 मार्चला हे हक्क सरकारकडे गेले, हे बरोबर. पण त्या कायद्याने मालगुजारांचीसुद्धा राहती घरं घेतली नाहीत. घरं, वाडे, घरालगतची आवारं त्यांच्याकडेच ठेवली. आमच्या गावी तर मालगुजारच नव्हता. वाडा सरकारजमा झाला नाही, होण्याचं काही कारणही नव्हतं. सावकाराचं घराणं पुढे व्यापारासाठी अकोल्याला गेलं. जाताना त्यांनी वाडा माझ्या पणजोबांना विकला. पणजोबांनी त्यासाठी नदीकाठचं शेत मोडलं. तेही खत आहे, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठला आजही आमचीच नावं आहेत. ज्याला बघायचं त्याने दिवसा यावं, ढेलजेत बसावं, मी चहा देऊन कागद पुढे ठेवीन.

मजकुरात देशमुख आहेत, सावकार आहे, राजा आहे, सरकार आहे. ती बाई कुठेच नाही. खरेदीखतात शेवटून तिसऱ्या ओळीत एक अट आहे : मागच्या सोप्यातली पूर्वेची खोली तिच्याकडे हयातभर राहील, आणि विहिरीवर पाणी भरायला तिला कुणी आडकाठी करणार नाही. सावकाराने ती अट पाळली. वाडा आमच्याकडे आला तेव्हा ती म्हातारी झालेली होती. खरेदी झाली म्हणून माझ्या पणजीने तिला हलू दिलं नाही. दोघी एकाच चुलीवर रांधायच्या, आणि ती गेली तीही त्याच खोलीत. आमच्या घरात अजून त्या खोलीला 'देशमुखीणबाईची खोली' म्हणतात. हल्ली तिथे पुतणीचा अभ्यास चालतो.