दोष नळीचा नव्हे, काडतुसाचा

‘स्वस्त रायफल म्हणजे नळीच खराब’ हे तुमच्या रायफलींवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. इथे टेक्सासमध्ये आठ वर्षांपासून माझ्याकडे .22ची (नळीचा व्यास सुमारे 0.22 इंच) अगदी साधी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने दांडा मागेपुढे करायची रायफल आहे. सुरुवातीला 50 यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या पसरायच्या. मग वेगवान काडतुसं सोडून 40 ग्रेन (सुमारे 2.6 ग्रॅम) वजनाच्या गोळीची, सेकंदाला 1070 फूट, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची घेतली. त्याच नळीतून पाच भोकं क्वार्टरच्या (25 सेंटच्या) नाण्याखाली झाकली गेली! आवाजापेक्षा वेगाने सुटलेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगते, हे लेखात यायलाच हवं होतं.

प्लास्टिकचा दस्ता (रायफलीचा नळीखालपर्यंत येणारा भाग) नळीला टेकला की नेम बिघडतो, हे मात्र अगदी खरं लिहिलंय. दस्ता आणि नळीच्या फटीतून डॉलरची नोट सरकवून बघा. माझी निम्म्यावरच अडली होती, म्हणजे तिथे दस्ता नळीला टेकत होता. तेवढी जागा सँडपेपरने घासून मोकळी केली.