काढ्याने डीएनएतील चूक दुरुस्त होत नाही

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरणारा एक संदेश माझ्या धाकट्या बहिणीने मला पाठवला आणि विचारले, ‘दादा, या वेळचं रक्त पुढं ढकलू का?’ तिच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा तीव्र प्रकार, ज्यात वारंवार रक्त चढवावे लागते. संदेश सांगतो की, डीएनएच्या जोड्या सैल पडल्याने रक्ताचे आजार होतात, लोखंडी कढईत उकळलेला काढा गरमागरम प्यायल्याने त्या उघडून पुन्हा नीट बसतात, आणि तामसी आहाराने डीएनएची ‘अक्षरे’ असलेल्या चार रेणूंपैकी ॲडेनिन चुकून ग्वानिनशी जुळते.

आहाराचा मुद्दा डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या २५ एप्रिल १९५३ रोजी ‘नेचर’मध्ये आलेल्या छोट्याशा लेखानेच निकालात निघतो. ॲडेनिन थायमिनशी आणि ग्वानिन सायटोसिनशी जुळते, कारण प्रत्येक जोडीत एक मोठा आणि एक लहान रेणू असला, तरच डीएनएच्या दोन पेडांमधले, म्हणजे साखळ्यांमधले, अंतर सर्वत्र सारखे राहते.

जोड्या जुळवणारे हायड्रोजन बंध एकेकटे कमकुवत असतात आणि उष्णतेने तुटतात, एवढे मान्य करावे लागते. परंतु प्रयोगशाळेत पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्यासाठी, दोन्ही पेड वेगळे करायला सुमारे ९५ अंश सेल्सिअस तापमान लागते. काढा कितीही गरम प्यायला, तरी पेशी ३७ अंशांच्या आसपासच राहतात.

मुळात या आजारात जोडी सैल नसतेच. भारतात बीटा थॅलेसेमियाला सर्वाधिक कारणीभूत असलेल्या बदलात एका ठरावीक जागी ग्वानिनऐवजी सायटोसिन आलेले असते, आणि त्याच्यासमोर ग्वानिन तीन बंधांनी पक्के जुळलेले असते. जोडी अचूक, अक्षर मात्र चुकलेले. आपल्या सोलापुरात जेकार्ड मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या कार्डावर एक भोक चुकले, तर त्यावर विणलेल्या प्रत्येक चादरीच्या नक्षीत तीच चूक उतरते. चादर उकळत्या पाण्यातून काढल्याने कार्ड बदलत नाही. पेड उघडून पुन्हा मिटले, तरी चुकलेले अक्षर तिथेच राहणार.

सर्वांत संतापजनक आहे ती लोखंडी कढई. वारंवार रक्त चढवल्यामुळे या मुलांच्या हृदयात आणि यकृतात लोह साठत जाते, ते बाहेर काढण्यासाठी त्यांना औषधे घ्यावी लागतात, आणि हा संदेश त्यांच्या पोटात आणखी लोह घालायला सांगतो, तेही रक्त थांबवून. बहिणीला मी लगेच फोन केला: काढा द्यायचा नाही, आणि रक्त ठरलेल्या तारखेलाच चढवायचे.