बेल्ट किंचाळला की बेल्टच बदला? त्या फिरणाऱ्या मेसेजला पॉइंटवाइज उत्तर

पावसाळा आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून चिरचिर किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो बेल्टचाच, इंजिन चालू ठेवून बेल्टवर पाणी मारा, आवाज थांबला म्हणजे बेल्ट गेला, नवीन टाका. बेल्टला तडे नसतील तर मात्र तो चांगला आहे, नुसता साबण नाहीतर डब्ल्यूडी-४० मारा. तरी थांबला नाही तर टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा पार्ट, टाईट करून घ्या. पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांच्यावरून फिरतो ती चाकं, हाताने फिरवून बघा, भिरभिर फिरल्या की ओके. आणि शेवटी नेहमीचं पालुपद, हाय परफॉर्मन्स इंजिन आहे, थोडाफार आवाज करणारच.

आधी एक क्लिअर करतो, इथे बोलतोय ते बाहेरच्या ड्राइव्ह बेल्टबद्दल, तो लांब रिबवाला (आतून उभ्या पट्ट्या आणि खाचा असलेला) बेल्ट जो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टीअरिंगचा पंप वगैरे फिरवतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा टायमिंग बेल्ट वेगळा, त्याची इथे भेळ करू नका.

पाण्यापासून सुरू करू. टेस्ट खरी आहे, पण निकाल उलटा लावलाय. स्प्रे बाटलीत साधं पाणी घ्यायचं, इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न देता), बेल्टच्या रिबवाल्या बाजूला हलका फवारा मारायचा आणि कान द्यायचा. चिरचिर काही सेकंद गायब झाली आणि परत आली तर बहुतेक वेळा भानगड अलाइनमेंटची असते, म्हणजे कुठली तरी एक पुली बाकीच्यांच्या लाइनीत नाही, बेल्ट तिच्या खाचेत तिरका शिरतो, प्रत्येक रिब खाचेच्या भिंतीला घासत आत उतरते आणि तिथे चिरचिर होते, पाण्याने ती जागा क्षणभर बुळबुळीत होते म्हणून आवाज जातो, पाणी उडालं की परत सुरू. उलट पाणी मारल्यावर आवाज वाढला तर बेल्ट स्लिप होतोय, मग टेन्शन कमी असेल, बेल्ट झिजला असेल नाहीतर कुठलं तरी बेअरिंग जड झालं असेल. म्हणजे गंमत बघा, ज्या केसमध्ये मेसेज सांगतो की बेल्ट नक्की खराब, नेमकं त्याच केसमध्ये बेल्ट निर्दोष असण्याचा चान्स जास्त!

आणि हा गैरसमज मरत का नाही तर नवीन बेल्ट टाकल्यावर आवाज खरंच जातो. नव्या बेल्टच्या रिब भरलेल्या असतात, रबर नरम असतं, तो तिरक्या पुलीलाही काही दिवस सांभाळून घेतो. गाडीवाला खूश, गॅरेजवाला खूश. मग त्याच पुलीने नवीन बेल्टची कड खाल्ली की काही आठवड्यांनी परत चिरचिर, आणि तेव्हा सगळे म्हणणार बेल्ट डुप्लिकेट होता.

आवाजाचेही दोन प्रकार आहेत आणि मेसेजमध्ये दोन्ही एकाच पोत्यात भरलेत. चिरचिर म्हणजे तुटक, पक्ष्यासारखी, ठरावीक ठेक्यात, आयडलला स्पष्ट आणि आरपीएम वाढवला की बऱ्याचदा दबते, ही अलाइनमेंटकडे बोट दाखवते. किंचाळणं म्हणजे सलग, लोड आला की वाढणारं, एसी लावला, स्टीअरिंग पूर्ण वळवलं, एकदम ॲक्सिलरेटर दिला की जोरात, ते स्लिपचं लक्षण. तिसरी ती घरघर नाहीतर सूं सूं, जी पाणी मारल्याने वाढत पण नाही आणि कमी पण होत नाही, ती बेअरिंगची, तिथे बेल्टचा काही संबंधच नाही.

अलाइनमेंट किती बारीक गोष्ट आहे याचाही अंदाज द्यायला हवा. दोन पुल्यांमधल्या साधारण ३० सेंटिमीटर अंतरामागे दीड मिलिमीटरचा फरक पडला की रिबवाला बेल्ट कुरकुरायला लागतो. दीड मिलिमीटर! डोळ्याने काय दिसणार. सरळ पट्टी लावून नाहीतर लेझरच्या टूलने बघावं लागतं. आणि हा फरक येतो कुठून, तर स्टीअरिंग पंप बदलताना प्रेसने बसवलेली पुली पूर्ण आत गेली नाही, अल्टरनेटर रिपेअर करून आणला आणि त्यावर दुसरीच पुली आली, ब्रॅकेटखालचा वॉशर राहिला, अशा फालतू कारणांनी. म्हणून आवाज सुरू व्हायच्या आधी त्या बाजूला शेवटचं काम काय झालं होतं हा प्रश्न पाण्याच्या बाटलीच्याही आधी विचारायचा.

आता तडे. हा नियम एकेकाळी बरोबर होता. जुने बेल्ट निओप्रीनचे असायचे, ते उष्णतेने कडक व्हायचे, तडकायचे, रिबचे तुकडे पडायचे, त्यामुळे तडे मोजून बेल्ट बदलायचा हे बरोबरच होतं. पण १९९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी गाडी कंपन्या ईपीडीएम रबरावर गेल्या आणि आज तुमच्या गाडीवर बहुतेक तोच बेल्ट आहे. हा सहजासहजी तडकत नाही, तो टायरसारखा झिजतो. वरून काळाभोर, एकदम नव्यासारखा दिसतो आणि आत खाचा रुंद आणि खोल झालेल्या असतात. साधारण ५ टक्के रबर गेलं तरी स्लिप आणि आवाज सुरू होऊ शकतो, कारण मग पुलीचं टोक बेल्टच्या खाचेच्या तळाला टेकतं आणि रिबची बाजू, जी खरी पकड देते, ती नीट चिकटतच नाही. पावसात पाणी निघून जायला खाचेत जागा लागते, ती पण राहत नाही, म्हणून जुलैमध्ये सकाळी पहिल्या स्टार्टला बोंब. हे तपासायला प्लॅस्टिकचं छोटं गेज मिळतं, बेल्टच्या खाचेत ठेवून बघायचं, मिनिटभराचं काम आहे. तडे नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हे ईपीडीएमच्या बाबतीत धरूच नका.

साबण आणि स्प्रेवाल्या सल्ल्याचा मला खरंच राग येतो. गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ लावायची ती पद्धत वेगळी आणि तो काळ वेगळा. ईपीडीएम उष्णतेला, ओझोनला, पाण्याला चांगलं टिकतं पण पेट्रोलियम तेलाशी त्याचं अजिबात जमत नाही, तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. डब्ल्यूडी-४० मध्ये पेट्रोलियमचंच तेल असतं. म्हणजे पाच मिनिटांच्या शांततेसाठी तुम्ही बेल्ट मारताय. चिकट बेल्ट ड्रेसिंगचं पण तेच, त्यावर धूळ बसते, ती धूळ पुलीच्या खाचा घासते, आणि पुढच्या मेकॅनिकला खरा आवाज ऐकायलाच मिळत नाही.

तेलाचा विषय निघालाच आहे तर बीएमडब्ल्यूवाल्यांनी इथे जरा थांबून वाचा. एन५४ आणि एन५५ ही ३३५आय वगैरे गाड्यांमधली सहा सिलिंडरची टर्बो इंजिनं, त्यांच्यात ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट वयानुसार कडक होऊन लीक होतं हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. ते हाउसिंग बेल्टच्या वरच्या बाजूला, तेल ठिबकतं ते थेट बेल्टवर. बेल्ट फुगतो, घसरतो, पुलीवरून उतरतो, आणि मग या इंजिनांमध्ये होतं ते भयंकर असतं, फाटलेला बेल्ट क्रँक पुलीमागे (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी पुली) गुंडाळला जातो आणि पुढच्या क्रँक सीलमधून आत ओढला जातो, त्याचे धागे खालच्या ऑइल पॅनमध्ये जाऊन तेल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीत अडकतात. म्हणजे एका गॅस्केटच्या लीकवरून गोष्ट इंजिन खोलण्यापर्यंत. अशा गाडीचा बेल्ट ओला दिसत असताना कोणी सांगत असेल की नवीन बेल्ट टाका आणि विसरा, तर त्याला आधी ते तेल कुठून आलं विचारा.

टेन्शनर टाईट करा, हे वाचून तर हसूच आलं. ऑटोमॅटिक टेन्शनरमध्ये स्प्रिंग असते, टाईट करायला त्यात बोल्टच नसतो, जो दिसतो तो आर्म फिरवून बेल्ट काढायसाठी किंवा टेन्शनर बसवायसाठी. स्प्रिंग दमली की पूर्ण टेन्शनर बदलायचा, बस. आर्मवर बऱ्याचदा खूण असते, ती दिलेल्या रेंजच्या बाहेर गेली का बघा, आणि आयडलला आर्म थरथर नाचतोय का बघा, नाचत असेल तर आतला डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा भाग, गेला. पण थांबा, लगेच टेन्शनरची ऑर्डर टाकू नका. काही अल्टरनेटरच्या पुलीत एका बाजूला मोकळा फिरणारा क्लच असतो, तो जाम झाला तरी आर्म असाच नाचतो आणि बिचाऱ्या टेन्शनरचा बळी जातो. इंजिन बंद करून ती पुली एका दिशेने धरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने सुटली पाहिजे, दोन्हीकडे धरत असेल किंवा दोन्हीकडे सुटत असेल तर गेलेली.

आता पुल्या, आणि इथे मेसेजने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. भिरभिर फिरली की ओके, हे साफ उलटं आहे. बेल्ट काढून आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) हाताने फिरवला तर चांगलं सीलबंद बेअरिंग ग्रीसमुळे जरा जड वाटतं, गुपचूप फिरतं आणि लवकर थांबतं. जे बोटाने टिचकी मारल्यावर सर्र आवाज करत फिरतच राहतं त्यातलं ग्रीस संपलंय, ते थोड्या दिवसांचं पाहुणं. पुली दोन्ही हातांनी धरून हलवून बघा, खेळ असेल तर बदला. मग बोटाचं नख खाचांवरून फिरवा. खाचांच्या भिंती आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील, टोकं धारदार किंवा एका बाजूला झुकलेली असतील तर धातूची पुली पण झिजलेली आहे, आणि हो, धातूची पुली झिजते, बेल्टवर बसलेली बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते. प्लॅस्टिकच्या आयडलरवर तर बेल्टच्या रुंदीचा खड्डा पडलेला हाताला लागतो. रंगावरूनही बरंच कळतं, सगळीकडे काळी पावडर म्हणजे बेल्ट घासतोय, पण बेअरिंगच्या किंवा टेन्शनरच्या सांध्याभोवती तांबूस, गंजासारखी पावडर म्हणजे तिथे धातू धातूला खातोय.

क्रँक पुली लोक कायम विसरतात. तिच्या आतला हब आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं, इंजिनाचे हादरे शोषायला. ते रबर सुटलं की बाहेरचं कडं डगमगतं, बेल्ट पुढे मागे चालतो आणि चिरचिर सुरू. १९९७ ते २००४ च्या शेव्हरोलेच्या सी५ कॉर्व्हेटचा हा प्रसिद्ध आजार, तिथे माणसं बेल्ट बदलून बदलून थकतात. पुढून मोबाइलने स्लो मोशन व्हिडिओ काढा, डगमग लगेच दिसते. आणि काही हौशी लोक ही हादरे शोषणारी पुली काढून हलकी ॲल्युमिनियमची पुली टाकतात, दोन एचपी मिळतील म्हणून, मग बेल्ट का फडफडतो विचारतात...

राहिलं ते शेवटचं, स्पोर्ट्स कार आहे, आवाज करणारच. एक्झॉस्ट करेल, इनटेक करेल, पुलीचं बेअरिंग कशाला करेल? या वाक्याचा सगळ्यात जास्त फटका पोर्शेच्या जुन्या बॉक्स्टर, केमन आणि ९११ वाल्यांना बसतो. २००८ पर्यंतच्या त्यांच्या एम९६ आणि एम९७ इंजिनांमध्ये एकच बेल्ट सगळं फिरवतो, वॉटर पंपसुद्धा. बॉक्स्टर-केमनमध्ये इंजिन मधे असल्यामुळे बेल्टची बाजू सीटच्या मागच्या पॅनेलच्या पलीकडे येते, घरघर थेट तुमच्या पाठीमागे. ती अंगाशी कशी येते तर वॉटर पंपचं बेअरिंग ढिलं झालं की इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, डगमगतो, आणि धातूचा इम्पेलर असेल तर तो इंजिनाच्या केसिंगलाच घासू शकतो. पंपाच्या किमतीत मिटणारं काम मग केसिंगपर्यंत जातं.

दुसरा ग्रुप बरोबर उलटा, जरा सूं सूं ऐकू आलं की हे लोक आयएमएस बेअरिंग (इंजिनाच्या आतल्या इंटरमीडिएट शाफ्टचं) गेलं म्हणून रात्रभर जागतात. या इंजिनांमधलं ते आतलं बेअरिंग बदनाम आहे, मान्य, पण आधी स्वस्तातली टेस्ट करा की राव. थंड इंजिन, २४ मिलिमीटरचा पाना टेन्शनरला लावून बेल्ट काढायचा, आणि इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवायचं. आवाज गेला तर तो बेल्टवरच्या कुठल्या तरी पुलीचा नाहीतर पंपाचा, राहिला तर आतला. अर्ध्या मिनिटाच्या वर नको कारण वॉटर पंप बंद असतो, बॅटरीचा दिवा लागेल त्याला घाबरू नका. बेल्ट परत लावायच्या आधी प्रत्येक पुली हाताने फिरवून घ्या, एवढं उघडलंच आहे तर. बेल्ट लावल्यावर चालू इंजिनात मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून एकेका पार्टच्या न फिरणाऱ्या बोल्टवर टेकवला की कोण बोलतंय ते कळतं. बाह्या वर करा, गळ्यातलं काढून ठेवा, सीटमागून काम करताना तो बेल्ट तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर फिरत असतो.