अमेरिका-चीन युद्ध 'अटळ' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: उगवती सत्ता आणि प्रस्थापित सत्ता सोळापैकी बारा वेळा लढल्या, म्हणून अमेरिका-चीन युद्ध अटळ, त्यांचा व्यापार तुटलाच आहे, चर्चा म्हणजे निव्वळ नाटक, शत्रूशी सहकार्य होत नसतं, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभच.

आधी ते 'सोळापैकी बारा'. ही मोजणी हार्वर्ड विद्यापीठातले अभ्यासक ग्रॅहम अ‍ॅलिसन यांची आहे आणि मेसेजमध्ये ती अर्धीच आली आहे. अणुबॉम्ब आल्यानंतरची त्यांच्या यादीतली दोन्ही उदाहरणं, म्हणजे अमेरिका-सोव्हिएत शीतयुद्ध आणि एकीकरणानंतर जर्मनीचं युरोपात वाढलेलं वजन, युद्धाविना निभावली. युद्ध अटळ आहे असं स्वतः अ‍ॅलिसनही म्हणत नाहीत. म्हणून अण्वस्त्रं असली की शांतता आपोआप टिकते असंही नाही. कोरियात 1950 पासून चिनी आणि अमेरिकी सैनिक एकमेकांना मारत होतेच, आणि तेव्हा अमेरिकेकडे बॉम्ब होता. तरी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला जाऊन चीनचे नेते माओ यांना भेटले.

व्यापार कमी झालाय, तुटलेला नाही. आयातशुल्काची लढाई 2018 मध्ये पेटली, तरी 2022 मध्ये दोघांमधला मालाचा व्यापार सुमारे 690 अब्ज डॉलर होता, तोवरचा उच्चांक. 2024 मध्ये तो 582 अब्जांच्या आसपास आला. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने शुल्क 145 टक्क्यांवर नेलं, चीनने 125 वर. महिनाभरातच जिनिव्हात दोघं 30 आणि 10 टक्क्यांवर उतरले. प्रेमापोटी नव्हे, परवडेना म्हणून.

'चर्चा म्हणजे नाटक' हा मात्र मेसेजमधला सर्वांत घातक मुद्दा. चीन ज्याला आपलाच भाग मानतो त्या तैवानचा प्रश्न चर्चेने सुटलेला नाही, हे मान्य. पण चर्चेचं पहिलं काम अपघाताचं युद्ध होऊ न देणं हे असतं. 1 एप्रिल 2001 रोजी हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक मरण पावला, 24 अमेरिकी 11 दिवस चीनच्या ताब्यात होते. दोन्ही राजधान्यांना आपली मान ताठ ठेवता येईल अशा बेताने लिहिलेल्या अमेरिकी राजदूताच्या एका पत्राने ते प्रकरण मिटलं. आता उलटं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या आणि बीजिंगने लष्करी पातळीवरच्या चर्चा थांबवल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला, हेरगिरीचा संशय असलेला चिनी फुगा पाडला, तेव्हा अमेरिकी संरक्षणमंत्र्यांशी फोनवर बोलायलाही चीनने नकार दिला. जूनमध्ये तैवानच्या सामुद्रधुनीत चिनी युद्धनौका अमेरिकी विनाशिकेसमोरून जेमतेम दीडशे यार्डांवरून आडवी गेली. त्या दिवशी धडक झाली असती तर कुणी कुणाला फोन करायचा होता? नोव्हेंबर 2023 मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग कॅलिफोर्नियात भेटले, तेव्हा कुठे हे संपर्क पुन्हा सुरू करायचं ठरलं.

शत्रूशी सहकार्य होत नाही? देवीच्या रोगाचं जागतिक निर्मूलन करण्याचा प्रस्ताव 1958 मध्ये सोव्हिएत संघाने मांडला. लशीचे कोट्यवधी डोस त्यानेच दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेचं नेतृत्व डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकी डॉक्टरने केलं. मोहीम जोरात होती तेव्हा व्हिएतनाममध्ये सोव्हिएत शस्त्रं अमेरिकी विमानं पाडत होती. 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

राहिला तिसऱ्याचा लाभ. व्हिएतनाम आणि मेक्सिकोकडे काही कारखाने वळले, हे खरं. पण एप्रिल 2025 मध्ये चीनने अमेरिकी शुल्काला उत्तर म्हणून सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ती अट सगळ्याच देशांना लागू होती. या मूलद्रव्यांपासून बनणारी चुंबकं मिळेनात म्हणून युरोपात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या काही कारखान्यांना काम थांबवावं लागलं.