फेंटानिलच्या नोटेचा तो मेसेज चुकीचा आहे, पुढे पाठवू नका

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर परत फिरतंय, की रस्त्यात पडलेल्या नोटेला फेंटानिल (अफूच्या जातीचं अतिशय तीव्र वेदनाशामक, नशेसाठीही विकलं जातं) लावलेलं असतं, नुसता हात लागला तरी माणूस जातो, म्हणून कुणी बेशुद्ध दिसलं तरी शिवू नका. मीपण तो पुढे पाठवला होता, चुकलंच माझं. तिथल्या विषतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय की चुकून हात लागून विषबाधा होण्याची शक्यता अगदीच कमी आहे. अहो, दुखणं कमी व्हावं म्हणून मुद्दाम त्वचेवर लावतात त्या फेंटानिलच्या पॅचचाही पूर्ण परिणाम यायला कित्येक तास लागतात.

खरी भीती फेंटानिल मिसळलेल्या नकली गोळ्यांची आहे. दिसायला हुबेहूब ऑक्सिकोडोन (दुखण्यावरची), झॅनॅक्स (घबराटीवरची), अ‍ॅडरॉल (एकाग्रतेसाठीची), आणि परीक्षेच्या टेन्शनमध्ये पोरं मित्राकडून किंवा ऑनलाइन घेतात. २ मिलिग्रॅम फेंटानिलसुद्धा जीव घेऊ शकतं, आणि २०२३ मध्ये डीईएने (अमेरिकेची अंमली पदार्थविरोधी सरकारी संस्था) तपासलेल्या फेंटानिलच्या नकली गोळ्यांत १० पैकी ७ मध्ये निदान तेवढं निघालं. मेडिकलमधून स्वतःच्या प्रिस्क्रिप्शनवर घेतलेली सोडून दुसरी गोळी नकोच.

आणि बेशुद्ध माणसाला शिवू नका हे तर फारच घातक आहे, श्वास मंद झालाय, ओठ निळे पडलेत असं दिसलं तर ९११ लावा, नॅलोक्सोनचा (फेंटानिलसारख्या औषधांचा असर उतरवणारं औषध) स्प्रे नाकात मारा, तो २०२३ पासून तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो. जुना मेसेज डिलीट करा प्लीज, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.